पूल, उतार आणि पांढरी : नवे पूल बांधण्यापूर्वीं करावयाच्या पुराणवस्तु-पाहणीचा विचार

नदीवरील जुना पूल काढून नवा बांधावयाचा झाला म्हणजे त्या जागेची पुराणवस्तूंच्या दृष्टीनें पाहणी अवश्य आहे कीं नाहीं, आणि असल्यास ती कितपत करावी, हें ठरविण्याची कांहीं रीत असावी असें प्रस्तुत लेखकास बरेच दिवस वाटत आहे. विषय वरवर पाहतां इतिहाससंशोधकांचा नसून इंजिनियरांचा दिसतो. परंतु पोथ्या, सनदा, महजर व ताम्रपट जमविणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनीं त्यांत लक्ष घातल्यावांचून तो नीट सुटणार नाहीं, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. उदाहरणें मुख्यत्वेंकरून दर्यापूर व त्याच्या आसपासच्या वऱ्हाडांतील घेतलीं आहेत. कारण तो मुलूख लेखकाच्या पायांखालचा आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जीर्ण पूल बदलूं नयेत असें कोणाही सुज्ञ माणसाचें म्हणणें असणार नाहीं. महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला आणि त्याजबरोबर एस्. टी. च्या दोन गाड्या आंतील माणसांसह गेल्या. पुढें २०१७ च्या जूनमध्यें, म्हणजे वर्षाच्या आंतच, तेथें नवा पूल उभा राहिला. अशा वेळीं घाई करणें हेंच कर्तव्य असतें. नदीकांठच्या खापऱ्या वेंचीत बसा असें तेव्हां कोणी सांगूं नये. यावरून निघणारा बोध इतकाच कीं, पाहणी करावयाची ती अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वीं करावी. ठेकेदाराचीं यंत्रें नदींत उतरल्यावर तिचा उपयोग नाहीं.

१. पूल हा उताराचा वारस

आज पूल वाटेल तेथें बांधतां येतो. परंतु जुन्या रस्त्यांवरील पूल जेथें आहेत तेथें ते कां आहेत, याचें उत्तर पुष्कळदां नदीच्या पात्रांतच मिळतें. पूर्वींचा वाटसरू जेथें पात्र रुंद व उथळ, तळ टणक आणि दोन्ही कांठ चढावयास सोपे, तेथें नदी ओलांडी. त्या जागेस उतार म्हणत. रस्ता उतारास येऊन मिळे. पुढें उतारावर रपटा झाला, रपट्याच्या शेजारीं पूल झाला, आणि आतां त्या पुलाच्या जागीं दुसरा पूल होतो. पूल शंभर वर्षांचा असला तरी उतार हजार-दोन हजार वर्षांचा असूं शकतो. उताराजवळ मुक्कामाची जागा, देऊळ, घाट, जकातीचें नाकें, बाजार आणि या सर्वांभोंवतीं वस्ती, हें चित्र आपल्या दप्तरांतून वारंवार आढळतें.

पूर्णेच्या खोऱ्यास हें विशेष लागू पडतें. हें खोरें खोल गाळाचें आहे. खडक बराच खालीं. पावसाळ्यांत काळ्या मातीचा असा चिखल होतो कीं, बैलगाडी चार पावलें हलणें कठीण. अशा मुलखांत टणक तळाचा उतार ही थोड्याच ठिकाणीं मिळणारी सोय होती, आणि ती एकदां हातीं आल्यावर लोक सहसा सोडीत नसत.

दर्यापूर ज्या चंद्रभागा नदीवर वसलें आहे ती गाविलगडच्या डोंगरांतून निघून पूर्णेस मिळते. या नदीच्या वरच्या भागांत, अचलपूरच्या नैर्ऋत्येस, चम्मक नांवाचें गांव आहे. वाकाटक नृपति द्वितीय प्रवरसेन याच्या अठराव्या राज्यवर्षांतील प्रसिद्ध ताम्रपटांत भोजकट राज्यांतील, मधुनदीच्या तीरावरील चर्मांक नांवाचा, राजमानानें आठ हजार भूमि भरणारा गांव एक हजार ब्राह्मणांस दिल्याचा मजकूर आहे. चर्मांक म्हणजे चम्मक, आणि मधुनदी म्हणजे आजची चंद्रभागा, असें मानण्यांत येतें. म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांत या नदीचे कांठ वसलेले होते, त्यांची मोजणी झालेली होती, आणि शासन लिहिणाऱ्यास गांवाची ओळख पटविण्यासाठीं नदीचेंच नांव पुरेसें वाटत होतें. ज्या नदीची अशी नोंद तांब्यावर कोरलेली आहे तिच्या तीरावर जमीन उकरतांना तेथें कांहीं नसेल असें गृहीत धरणें सयुक्तिक नव्हे. दर्यापूर तालुक्यांतच लासूर येथें पूर्णेजवळ आनंदेश्वराचें यादवकालीन देवालय उभें आहे. बाळापूरचा किल्ला मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे. आणि वर्धा नदीवरील कौंडिण्यपूर येथें विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं केलेल्या उत्खननानें तेथील वस्तीचें प्राचीनत्व सिद्धच झालें आहे.

२. धोका खांबांत थोडा, भरावांत फार

पुलाचे खांब पात्रांत असतात. पात्र दरवर्षीं पुरानें खरवडून निघतें; तेव्हां तेथें वस्तीचे थर सांपडण्याचा संभव थोडा. नाणीं, मूर्ति यांसारख्या सुट्या वस्तु मात्र सांपडतात. लंडन येथें जुना पूल पाडल्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १८३४ सालीं, त्या जागेजवळ थेम्स नदींतून हेड्रियन बादशहाच्या ब्राँझच्या पुतळ्याचें मस्तक निघालें. आणि तेथील पात्रांतून काढलेली वाळू कांठच्या ज्या वाटांवर पसरण्यांत आली, त्या वाटांवर रोमन नाणीं मिळूं लागलीं. चार्ल्स रोच स्मिथ या संग्राहकानें त्यांकडे लक्ष दिलें म्हणून तीं विद्वानांस कळलीं. नदी ओलांडतांना तिला पैसा वाहण्याची चाल आपल्याकडेही आहे. नाणकसंग्राहकांस यावर अधिक सांगणें नको.

खरा नाश होतो तो दोन्ही तीरांवर. नवा पूल जुन्याहून उंच व रुंद असतो. त्यास मिळणारा रस्ता दुरून चढवीत आणावा लागतो. त्याला भराव लागतो, आणि भरावाला माती लागते. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते, म्हणून ती भरावास चांगली नव्हे. आणि चांगला मुरूम या गाळाच्या मुलखांत जवळ मिळत नाहीं. मग दृष्टि जाते ती गांवच्या पांढरीकडे.

जुन्या कागदांत काळी म्हणजे शेतजमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हें वाचकांस विदितच आहे. पिढ्यान् पिढ्या राख, शेण, पडक्या भिंतींची माती व केरकचरा सांचून त्या जागेचा रंग पालटतो. ओसाड पडलेल्या गांवाची पांढरी म्हणजेच पुराणवस्तुशास्त्रज्ञाचें टेकाड होय. धाब्यासाठीं, भिंतींसाठीं लोक ती माती पूर्वींपासून नेत आले आहेत. परंतु टोपलीनें नेणें निराळें आणि यंत्रानें उचलणें निराळें. टोपलीला जें शंभर वर्षांत साधलें नाहीं तें यंत्र आठवड्यांत उरकतें.

या टेकाडांत काय असूं शकतें याचें उदाहरण अमरावती जिल्ह्यांतच आहे. चांदूर बाजारजवळील तुळजापूर गढी येथें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानें १९८४-८५ सालीं उत्खनन केलें, आणि जिला लोक केवळ गढी म्हणत होते तिच्यांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. गढी हें नांव अलीकडचें. तिच्या खालची वस्ती तीन हजार वर्षांच्या मागची. नांवावरून वय ठरवूं नये, हा धडा त्यावरून घ्यावा.

नवे मार्ग घालतांना जुन्या वस्त्या कशा नाहींशा होतात याचें सर्वांत दुःखद उदाहरण हडप्पाचें. लाहोर-मुलतान लोहमार्ग घालण्यांत आला तेव्हां तेथील विटा खडीसाठीं उचलण्यांत आल्या, आणि सुमारें शंभर मैलांच्या मार्गास त्या पुरल्या असें कनिंगहॅम यानें नमूद करून ठेविलें आहे. त्या विटा किती प्राचीन आहेत हें त्यावेळीं कोणास ठाऊक नव्हतें. आज ती सबब राहिलेली नाहीं.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा एक अनुभव येथें नमूद करणें अस्थानीं होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं या भागांतील एका लहान नदीवर पुलाचें काम चाललें असतां सहज तिकडे जाणें झालें. भरावाच्या उतरत्या बाजूवर खापऱ्या चमकत होत्या. हातांत घेऊन पाहिल्या. कांहीं काळ्या-तांबड्या, कांहीं जाड व भरड. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एका पाट्याचा अर्धा भाग व एक मणीही मिळाला. चौकशी करतां माती शेजारच्या रिठाच्या पांढरीवरून आणलेली निघाली. पांढरी पाहिली तों तिचा निम्मा भाग गेला होता आणि तळाशीं पाणी सांचलें होतें. कामावरील मुकादम हा माझा जुना विद्यार्थी. तो ओशाळून म्हणाला, “गुरुजी, आधी सांगतलं असतं तं माती पलीकडून घेतली असती.” त्याचें म्हणणें खरें होतें. माती कोठून घ्यावी हें त्यास कोणी सांगितलेलें नव्हतें, आणि ज्यांनीं सांगावयाचें त्यांत मीही एक होतों. कारण त्या रिठाचें नांव माझ्या संग्रहांतील एका मोडी कागदांत अनेक वर्षें पडून होतें.

त्या वस्तु मजपाशीं आहेत. परंतु कोणत्या थरांतून त्या आल्या, त्यांच्या वर काय होतें व खालीं काय होतें, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. पोथीचें पान पुष्पिकेपासून तोडून बाजारांत विकावयास आलें म्हणजे जशी त्याची गत होते, तशीच यांची झाली आहे. अक्षर दिसतें, पण लेखक, शक व स्थळ कायमचें गेलें.

३. कायदा कोठपर्यंत पोंचतो

प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या सुधारणेनें केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढें आणखी २०० मीटरपर्यंत त्यास परवानगी लागते. महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा राज्यसंरक्षित स्मारकांस लागू आहे. भूमिगत ठेव्याविषयींच्या १८७८ च्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु जमिनींत सांपडल्यास कलेक्टरास कळवावें लागतें. या तिन्हींचा उपयोग आहे. परंतु ज्या पांढरीचें नांव कोणत्याही संरक्षित यादींत नाहीं तिचें रक्षण पहिले दोन कायदे करीत नाहींत, आणि खापरीची किंमत दहा रुपये होत नसल्यानें तिसराही करीत नाहीं.

अन्य देशांनीं या बाबतींत पाऊल पुढें टाकलें आहे. अमेरिकेंत १९६६ च्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारच्या पैशानें होणाऱ्या कामांचा ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल याचा विचार काम मंजूर करण्यापूर्वीं करणें भाग आहे. युरोपीय राष्ट्रांनीं १९९२ सालीं माल्टा बेटावरील व्हॅलेटा येथें करार करून बांधकामाच्या योजनेंतच अशा पाहणीचा व तिच्या खर्चाचा समावेश करण्याचें तत्त्व मान्य केलें. आपल्याकडेही हें अगदींच नवें नाहीं. नागार्जुनसागर धरणाखालीं बुडणाऱ्या नागार्जुनकोंड्याचें उत्खनन १९५४ ते १९६० या काळांत झालें आणि कित्येक अवशेष उंच जागीं हलवून पुन्हा मांडण्यांत आले. धरणासाठीं जें मोठ्या प्रमाणावर झालें, तें पुलासाठीं लहान प्रमाणावर कां होऊं नये?

४. पाहणीची आवश्यकता कशी ठरवावी

प्रत्येक पुलासाठीं उत्खनन मागणें हास्यास्पद होईल. त्यानें आपलें म्हणणें कोणी ऐकणारही नाहीं. म्हणून पायरीपायरीनें जावें.

पहिली पायरी कागदांची. गांवाचे जुने नकाशे, इनामाचे कागद, महजर व यात्रेच्या नोंदी पाहून उताराचें नांव, रिठाचें नांव आणि देवळाचा उल्लेख टिपून घ्यावा. ‘गढीचें वावर’, ‘पांढरीचें वावर’ अशीं शेतांचीं नांवें हीं तर उघड खूणच होत. महानुभावांच्या स्थानपोथींत स्वामींच्या वास्तव्याचीं स्थानें दिशांसह दिलेलीं असल्यामुळें रिद्धपुराकडील गांवांस ती फार उपयोगी आहे. ही पायरी इंजिनियरास करतां येणार नाहीं, कारण कागद आपल्यापाशीं आहेत. तिला खर्चही नाहीं.

दुसरी पायरी पायांची. दोन्ही तीरांवर, वर व खालीं अर्धा-अर्धा मैल, चालून पाहावें. पऱ्हाटी उपटून नांगरट झाल्यावर व पहिल्या पावसानंतर जमीन धुऊन निघाल्यावर, असें दोनदां पाहणें उत्तम. दोन गोष्टींत मात्र सावध राहावें. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा खोल जातात. त्यांतून वरची वस्तु खालीं पडते, आणि ओलीनें माती फुगली म्हणजे खालची वर येते. म्हणून काळ्या शेतांत मिळालेल्या एकट्या वस्तूवरून थराचा निर्णय करूं नये. दुसरें असें कीं, पुराचा गाळ सांचून जुनी वस्ती कित्येक हात खालीं गेलेली असूं शकते. पृष्ठभागावर कांहीं दिसलें नाहीं म्हणून काम संपलें असें न समजतां नदीच्या तुटलेल्या दरडी पाहाव्या. राखेचा पट्टा किंवा खापऱ्यांची ओळ तेथें उघडी दिसते.

तिसरी पायरी बोअरची. पुलाच्या पायासाठीं जमिनीची परीक्षा म्हणून खोल छिद्रें घेऊन मातीचे नमुने काढावेच लागतात. ते तपासल्यावर बहुधा कोणी पाहत नाहीं. त्यांत राख, कोळसा, हाड किंवा खापरीचा कण आहे काय, हें जाणत्या माणसानें पाहिल्यास अधिक खर्चावांचून जमिनीच्या पोटांतील माहिती मिळते.

एवढें झाल्यावर पुलांचे तीन वर्ग सहज पडतात. (अ) नवा पूल जुन्याच जागीं, जोडरस्ता जुनाच, माती बाहेरून मुरमाच्या खाणींतून येणार आणि कागदांत व जमिनींत कांहीं खूण नाहीं. तेथें केवळ जुन्या पुलाची नोंद करून काम सोडून द्यावें. (आ) रस्ता वळणार, किंवा माती जवळून घेतली जाणार, अथवा एखादी खूण आढळली. तेथें पृष्ठभागाची पद्धतशीर पाहणी व नकाशा व्हावा, आणि माती कोठून घेऊं नये हें निविदेंतच लिहून द्यावें. (इ) रस्ता प्रत्यक्ष पांढरीवरून जाणार, किंवा दरडींत थर दिसत आहेत. तेथें खात्याच्या परवानगीनें व देखरेखीखालीं चांचणीचे खड्डे घेतल्यावांचून काम सुरूं होऊं नये, आणि शक्य तर रस्त्याची रेषाच थोडी सरकवावी. पहिल्या वर्गांत पुष्कळ पूल येतील असा लेखकाचा अदमास आहे. मोकळ्या मनानें त्यांस वाट दिली म्हणजे तिसऱ्या वर्गाबद्दलचा आपला आग्रह आदरानें ऐकला जाईल.

५. जुना पूल हाही एक कागदच

पाडावयाचा पूल स्वतः साधन आहे हें आपण विसरतों. त्याच्यावरील सालाची शिळा, पाथरवटांच्या खुणा, पुराच्या पाण्याची उंची दाखविणाऱ्या रेघा, चुन्याची जात व कमानींची मापें हीं पाडण्यापूर्वीं लिहून व छायाचित्रें घेऊन ठेवावीं. जुन्या घाटांत व बंधाऱ्यांत पडक्या देवळांचे दगड बसविलेले असतात. पाडकामांत असा कोरीव दगड उलटा निघाल्यास तो खडी फोडणाऱ्याच्या हातीं जाण्यापूर्वीं कोणीतरी पाहिला पाहिजे. पुलाच्या जागेस लोकांच्या स्मरणांतही स्थान असतें. मूळचे शेंडगांवचे श्री गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ रोजीं वलगांवनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ निवर्तले. अशी जागा केवळ लांबी-रुंदीच्या आंकड्यांनीं ओळखली जाऊं नये.

६. आपलें काम

हा विचार दर्यापुरापुरता तरी नुसता तात्त्विक नाहीं. मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरांची अरुंद रुळांची लोहमार्गशाखा, जिला लोक शकुंतला म्हणतात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत घालण्यांत आली. दर्यापूरचें स्थानक बनोसा या नांवानें तिच्यावर आहे, आणि मार्ग पूर्णा ओलांडून येतो. तिच्यावरील गाड्या बंद पडल्या असून मार्ग रुंद करण्याची मागणी व योजना पुढें आली आहे. तें काम होईल तेव्हां या शाखेवरील लहानमोठे पूल बदलावे लागतील, भराव रुंद करावे लागतील, आणि पुन्हा मातीचा प्रश्न निघेल. तो निघण्यापूर्वीं मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या पांढरी, रिठें व उतार यांची यादी तयार असली पाहिजे.

म्हणून सभासदांस विनंति अशी कीं, प्रत्येकानें आपल्या गांवाजवळील एक तरी नदीची वाट निवडावी आणि एका पानावर पुढील गोष्टी लिहाव्या : नदीचें व उताराचें नांव, कागदांतील सर्वांत जुना उल्लेख, दोन्ही तीरांवरील देवळें, वीरगळ, गढ्या व रिठें, पांढरीचा अजमासें विस्तार, जुन्या पुलाची शिळा व पुराच्या खुणा, आणि माती कोठून घेण्यास हरकत नाहीं ती जागा. हा शेवटचा रकाना सोडूं नये. ‘येथून घेऊं नका’ एवढेंच सांगणाऱ्यापेक्षां ‘तेथून घ्या’ असें सांगणाऱ्याचें काम करणारास अधिक पटतें. पानाची एक प्रत मंडळाच्या दप्तरीं, एक बांधकाम खात्याच्या तालुका कचेरींत व एक पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी. माझ्या संग्रहांतील त्या मोडी कागदाची व त्यांतील रिठाची नोंद अशा पहिल्या पानावर मीं केली आहे. त्या पांढरीचा उरलेला निम्मा भाग अजून जागेवर आहे. इत्यलं विस्तरेण.